केसरबाईंची भैरवी अंतराळात ‘घुमते’ आहे का?

‘केसरबाई केरकरांचा आवाज आज अंतराळात घुमतो आहे’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. अर्धा खरा आहे. गोव्यातल्या केरी गावच्या शास्त्रीय गायिका केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली सुटलेल्या नासाच्या दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांवर आहे, साडेतीन मिनिटांची. पण ती वाजत नाही. ती जिच्यावर मुद्रित आहे ती सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ॲल्युमिनियमच्या वेष्टनात मुकाट पडून आहे. सोबत पिन दिली आहे, तबकडी फिरवणारं यंत्र मात्र नाही. कशी वाजवायची ते वेष्टनावर आकृत्यांनी कोरलंय, मिनिटाला साधारण १६.६६ फेरे. आणि तिथल्या पोकळीत हवाच नाही, तर स्वर घुमणार कशात?

‘नासाने जगातला सर्वश्रेष्ठ आवाज ठरवला’ हेही पदरचंच. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने या तबकडीसाठी पृथ्वीवरच्या नाना संगीतांचे नमुने वेचले, स्पर्धा नव्हती. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी ही भैरवी सुचवली होती.

अंगावर काटा हवा असेल तर ध्वनिमुद्रण इथेच, पृथ्वीवर मिळतं. दिवे मालवून ऐका. त्या खड्या, भरदार आवाजाला अंतराळाची शिफारस लागत नाही.