"बॉर्डर मारायला बारा दिवस" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की गेममधल्या अक्षरांना फक्त काळी बॉर्डर मारायला बारा दिवस आणि साडेचार हजार रुपये घेतले, आणि तरी मोबाइलवर अक्षरं लेपल्यासारखी दिसतात. मोबाइलचं खरंय, त्यासाठी मनापासून सॉरी. आम्ही कॉम्प्युटरवरच तपासलं, फोनवर लावून बघायला हवं होतं, ती चूक आमचीच.

पण बारा दिवसांचं मात्र सांगायलाच हवं, कारण हे वाचणाऱ्याला वाटेल की बडोद्याच्या दांडिया बाजारातली ही माणसं काम घेऊन हातावर हात ठेवून बसतात. तुमचं प्रोजेक्ट आलं ते रेनपायच्या (गोष्टींचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) 7 सिरीजच्या जुन्या व्हर्जनमध्ये, त्यात जोडाक्षरं फुटत होती, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न लागता नंतर जाऊन बसत होती, मग बॉर्डर मारायची कशावर? आधी नवीन व्हर्जनवर नेलं, पहिले दोन दिवस त्यात गेले आणि त्याचा एक रुपया बिलात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे बॅकग्राउंड, म्हणजे सीनच्या मागची चित्रं, मागितले. ते आले आठव्या दिवशी. मधले पाच दिवस मी रोज मेसेज टाकत होते, तुम्ही परीक्षेत होतात, कबूल, पण ते पाच दिवस आमच्या नावावर का?

बॅकग्राउंडशिवाय चालत नाही हो दादा. आउटलाइनला, म्हणजे या बॉर्डरलाच, चार गोष्टी द्याव्या लागतात, जाडी, रंग, आडवं किती सरकवायचं आणि उभं किती, आणि हे ठरतं मागच्या चित्रावरून. मांडवीच्या रात्रीच्या सीनवर जाडी 1 पण पुरते, सुरसागर तलावाच्या दुपारच्या पांढऱ्या आकाशावर तीच पांढरी अक्षरं विरघळून जातात. शिवाय आउटलाइन एका जागी लिहिली की सगळीकडे लागते असं नाही, संवादाची स्टाइल वेगळी, पात्राच्या नावाची वेगळी, चॉइसच्या बटणांची वेगळी, आधीचे संवाद दाखवणाऱ्या हिस्टरीची वेगळी, आणि आपल्या देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो म्हणून ओळींमधलं अंतरही वाढवावं लागलं. दहाव्या दिवशी जाडी 2 ठेवून स्क्रीनशॉट पाठवला, तुम्ही रात्री अकराला "मस्त" लिहून अंगठा पाठवलात. अकराव्या दिवशी तुम्हीच सुरसागरचा रात्रीचा सीन काढून दुपारचा टाकलात आणि फोनवर म्हणालात अजून जाड करा. म्हणून 2 ची 3 झाली, आणि 24 च्या फॉन्टवर 3 ची काळी कड म्हणजे ष, भ, क्ष यांच्या पोटातली जागा पूर्ण काळी, फोनवर तर अक्षर आणखी बारीक. तेव्हाच मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. बाराव्या दिवशी संध्याकाळी फाइल तुमच्याकडे होती. म्हणजे आमचे सात दिवस, बारा नाही.

वडिलांचा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं करत आम्ही वाढलो, अक्षर नीट वाचता यावं यासाठीच रोजचा जीव जातो. आता मी आणि वहिनी दोघीच आहोत, तुमचा रिव्ह्यू आल्यापासून बोलणी सुरू असलेली दोन कामं गप्प झालीत, तेव्हा "फक्त काळी बॉर्डर" हे शब्द फार लागले.

यापुढे फोनवर बघूनच देऊ, आणि दिवसांची नोंदही काहीतरी करून ठेवू. तुमचं दुरुस्त करून ठेवलंय, फॉन्ट 30, जाडी 2, शुद्ध काळ्याऐवजी गडद तपकिरी, आणि आउटलाइनच्या यादीत तिच्याही आधी जाडी 0 ची एक कड थोडी खाली सरकवून टाकलीय, आधी लिहिलेली मागे राहते म्हणून ती सावलीसारखी पडते आणि दुपारच्या आकाशावरही अक्षर सुटून दिसेल. पैसे नकोत. फक्त सुरसागरची शेवटची फाइल परत पाठवा, आमच्याकडे अजून जुनी रात्रीचीच आहे.