आधी नवऱ्या मुलाला विचारा

गेल्या महिन्यात सांगलीहून मावशीचा फोन आला तो स्थळाच्या चौकशीसाठी. मुलगा तिच्या दिराचा, वय 31, संगणक अभियंता. कुकरची शिट्टी झाली की तो कानांवर हात ठेवतो, पंगतीत बसत नाही, आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान केले आहे. घरात वाद चालला आहे तो एवढ्यावरच, की हे मुलीकडच्यांना आधी सांगायचे की लग्न लागल्यावर. 'तुमच्याकडे अमेरिकेत याचा कोणी बाऊ करत नाही, तिकडचीच एखादी बघ,' असे मावशीचे म्हणणे.

योगायोग असा की त्याच आठवड्यात मी इथल्या, सनीव्हेलच्या, ग्रंथालयातून हेलन होआंग यांची 'द ब्राइड टेस्ट' ही 2019 ची कादंबरी आणली होती. होआंग व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकी लेखिका. त्यांना स्वतःला स्वमग्नतेचे निदान मिळाले ते 2016 मध्ये, वयाने मोठ्या झाल्यावर. या कादंबरीचा नायक खाय कॅलिफोर्नियातला हिशेबनीस आहे, आणि त्याची आई त्याला न विचारता थेट व्हिएतनामला जाऊन त्याच्यासाठी मुलगी पसंत करून येते. हे प्रकरण वाचताना मला हसू आवरेना, कारण डिसेंबरच्या सुटीत पुण्यात उतरून दहा दिवसांत बारा मुली पाहणाऱ्या आया आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आपल्याकडे 'लग्न झाले की येईल वळणावर' हे वाक्य औषधासारखे दिले जाते. होआंग यांच्या नायक-नायिकांना लग्न किंवा प्रेम बरे करत नाही, आणि माझ्या मते त्यांच्या लेखनाचे खरे मोल तिथेच आहे. चुलतभावाच्या अंत्यविधीत रडू आले नाही म्हणून खायने स्वतःला भावनाशून्य ठरवून टाकलेले असते. कादंबरीच्या ओघात बदलते ती त्याची प्रकृती नव्हे, तर त्या न रडण्याचा त्याने लावलेला अर्थ. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडले होते की स्वमग्न आणि इतर माणसे यांच्यातला न समजण्याचा दोष एकतर्फी नसतो, दोन्ही बाजूंना एकमेकांचे मन कळत नाही. आपला 'स्वमग्न' हा शब्द मात्र सगळा दोष एकाच पारड्यात टाकतो. स्वतःत रमलेला, दुसऱ्याचा विचार न करणारा, असाच त्याचा अर्थ घराघरांत घेतला जातो. (मला स्वतःला 'ऑटिस्टिक' हा उसना शब्द बरा वाटतो, तो निदान टोमणा मारत नाही.)

होआंग यांच्या कादंबऱ्या मराठीत आणायच्या तर अडचण शृंगाराची येईल. पहिल्या, 2018 च्या, 'द किस कोशंट'ची नायिका स्टेला अर्थमितीतज्ज्ञ, म्हणजे आकडेवारीतून आर्थिक व्यवहार अभ्यासणारी, आहे, तिच्या आईला नातवंडांची घाई झाली आहे, आणि शरीरसंबंध शिकण्यासाठी स्टेला पैसे देऊन एका पुरुषाची सोबत घेते. संकोची संपादक यातली निम्मी पाने कापून टाकील आणि कादंबरीचा प्राणच जाईल, कारण कोणता स्पर्श सोसवतो, कोणता नाही, हे समोरच्याने विचारायचे आणि उत्तराची वाट पाहायची, यावरच तिथले सारे प्रेम उभे आहे. आपल्या लग्नव्यवस्थेत हा प्रश्न ऑटिस्टिक नसलेल्या मुलींनाही कोणी विचारत नाही.

तरीही मावशीच्या कल्पनेतली अमेरिका मला इथे सापडलेली नाही. होआंग यांच्या तिसऱ्या कादंबरीत नायिकेला मोठेपणी निदान मिळते तेव्हा तिची सख्खी बहीणच ते मानायला तयार नसते. स्थलांतरितांच्या घरांत हे मीही पाहिले आहे. शिवाय स्टेला आणि खाय दोघेही सधन आहेत. ज्या अपंग माणसाला इथल्या सरकारी निर्वाहभत्त्यावर जगावे लागते, त्याची मोजली जाणारी मालमत्ता 2,000 डॉलरच्या आत असावी लागते, आणि तसाच भत्ता घेणाऱ्या दोघांनी लग्न केले तर मर्यादा 4,000 होत नाही, 3,000 होते. ही रक्कम 1989 पासून तीच आहे. लग्नामुळे भत्ता कमी होईल म्हणून नुसतेच एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची गोष्ट या कादंबऱ्यांत येत नाही, आणि ती मला त्यांची खरी उणीव वाटते.

मायदेशी उलट कायदा पुढे सरकला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, त्यांत स्वमग्नता आली. हिंदू विवाह कायद्याच्या अटींतून अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, तर 1999 मध्येच वगळला गेला. मात्र त्याच विवाह कायद्यानुसार, महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवलेल्या संमतीवरचा विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो, हे मी मावशीला स्पष्ट सांगितले. सांगायचे की लपवायचे हा वाद तिथेच मिटला, असे मला वाटले.

मग मी विचारले, त्याला स्वतःला लग्न करायचे आहे का? मावशी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'अगं, त्याला अजून कुठे सांगितलंय?'