मधुमेह टाळणाऱ्या खनिजांच्या गोळ्या आणि बायकांच्या शरीरातले लोह

चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये हल्ली एक सल्ला वारंवार फिरताना दिसतो: घराण्यात मधुमेह असेल तर जस्त, क्रोमियम आणि सेलेनियम एकत्र असलेली गोळी रोज घ्यावी, म्हणजे साखर वाढत नाही. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यात तथ्याचा अंशही असतो, म्हणूनच तो सरसकट झिडकारता येत नाही. मला मात्र ही तिन्ही खनिजे एका पंक्तीत बसवणेच चुकीचे वाटते, कारण मधुमेहाशी असलेले त्यांचे नाते एकसारखे नाही. आणि बायकांच्या बाबतीत ज्याचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, त्या लोहाचे नावही या चर्चेत क्वचितच निघते.

या तिघांत जस्ताची बाजू त्यातल्या त्यात भक्कम आहे. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्शुलिन साठवतात, ते जस्ताच्या आधारानेच. इन्शुलिनचे सहा रेणू जस्ताच्या आयनांभोवती जुळून येतात आणि त्या रूपात पेशीतील सूक्ष्म कोशांमध्ये राहतात. अमेरिकेत १९७६ साली परिचारिकांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, जो ‘नर्सेस हेल्थ स्टडी’ या नावाने ओळखला जातो. त्यातील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या १९८० ते २००४ या काळातील नोंदी तपासल्यावर असे दिसले, की सर्वाधिक जस्त घेणाऱ्या गटात टाइप २ मधुमेहाचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्या गटापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी होता. हा फरक खरा मानला तरी लहान आहे, आणि आहाराच्या प्रश्नावलीवर आधारलेल्या अभ्यासात एवढ्या लहान फरकावर फार मोठी इमारत उभारू नये. शिवाय जनुकशास्त्राने या गोष्टीला एक विचित्र वळण दिले आहे. बीटा पेशींच्या कोशांत जस्त वाहून नेणारे एक प्रथिन असते; ज्यांच्या शरीरात त्या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत निकामी आहे, त्यांना मधुमेहाचा धोका जास्त असेल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तो उलट सुमारे ६५ टक्क्यांनी कमी आढळला. ‘इन्शुलिनला जस्त लागते, म्हणून जस्त वाढवा’ हे तर्कशास्त्र किती तोकडे आहे, हे यावरून कळावे.

सेलेनियमबाबत तर मला स्पष्टपणे सावध करावेसे वाटते. त्वचेचा कर्करोग टाळता येतो का हे पाहण्यासाठी अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत काही जणांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम आणि उरलेल्यांना निव्वळ दिखाऊ गोळी दिली गेली. २००७ मध्ये तिच्या माहितीचे मधुमेहाच्या अंगाने विश्लेषण झाले, तेव्हा सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण सुमारे दीडपट निघाले, आणि ज्यांच्या रक्तात सेलेनियम आधीच भरपूर होते त्यांच्यात वाढ सर्वाधिक होती. या चाचणीत पुरुष अधिक होते, असा आक्षेप रास्त आहे. परंतु उत्तर इटलीतील ७ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीतही आहारातून सर्वाधिक सेलेनियम घेणाऱ्या गटातच मधुमेह जास्त आढळला. प्रौढ स्त्रीची रोजची गरज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम आहे, हे ध्यानात घेऊन गोळीच्या वेष्टनावरचा आकडा वाचावा.

क्रोमियमची कीर्ती बव्हंशी एका रुग्ण स्त्रीमुळे पसरली. तिचे सारे पोषण कित्येक वर्षे शिरेवाटे चालू होते, तिला मधुमेहासारखी लक्षणे दिसू लागली आणि क्रोमियम दिल्यावर ती ओसरली. हा वृत्तांत १९७७ साली प्रसिद्ध झाला. इतक्या असाधारण परिस्थितीतला धडा जेवून-खाऊन असलेल्या माणसांना लावणे धाडसाचे आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर २०१४ साली निरोगी माणसांना क्रोमियमचा लाभ होतो असा पुरावा नसल्याचे सांगून त्याची दैनंदिन गरज ठरवण्याचेच नाकारले.

मँगनीजचे नाव गोळ्यांच्या जाहिरातीत फारसे नसते, आणि गंमत अशी की स्त्रियांमधील निरीक्षणे त्याच्या बाजूने बरी आहेत. रजोनिवृत्तीनंतरच्या हजारो अमेरिकी स्त्रियांच्या दीर्घ पाहणीत अधिक मँगनीज घेणाऱ्यांना मधुमेहाचा धोका कमी दिसला. पण मँगनीज मिळते ते अखंड धान्ये, कडधान्ये, सुकामेवा आणि पालेभाज्या यांतून. हाच आहार तंतूही देतो आणि मॅग्नेशियमही, त्यामुळे श्रेय नेमके कोणाला द्यायचे हे निरीक्षणावरून ठरत नाही.

आता लोह. शरीराला जादा लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र यंत्रणा नाही. ते जाते मुख्यतः रक्तावाटे, आणि म्हणून मासिक पाळी चालू असेपर्यंत स्त्रीच्या शरीरातला साठा बहुधा तुटपुंजा राहतो. अमेरिकेतील शिफारशीनुसार १९ ते ५० वर्षे वयाच्या स्त्रीला रोज १८ मिलिग्रॅम लोह लागते, तर त्यानंतर केवळ ८, म्हणजे पुरुषाइतकेच. पाळी थांबली की साठा हळूहळू वाढू लागतो, आणि साधारण त्याच वयात मधुमेहाचा धोकाही वाढत असतो. आनुवंशिक दोषामुळे ज्यांच्या शरीरात लोह साचत जाते, त्यांच्या बीटा पेशींना त्यातून इजा होऊन मधुमेह होतो, ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र तेवढा साठा नसतानाही संबंध दिसतो: परिचारिकांच्याच अभ्यासावर आधारलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सर्वाधिक फेरिटिन (रक्तातील, लोहाचा साठा दर्शवणारे प्रथिन) असलेल्या स्त्रियांमध्ये मधुमेहाची शक्यता सर्वांत कमी फेरिटिन असलेल्यांच्या अडीच पटीहून जास्त निघाली. दाह किंवा चरबीयुक्त यकृत असल्यासही फेरिटिन वाढते, त्यामुळे साराच दोष लोहाच्या माथी मारता येणार नाही. याच अभ्यासातील स्त्रियांच्या आहाराच्या २००६ च्या विश्लेषणात एकूण लोहाचा मधुमेहाशी संबंध दिसला नाही. दिसला तो मांसातून येणाऱ्या, सहज शोषल्या जाणाऱ्या हीम लोहाचा, आणि तिथे वाढ २८ टक्क्यांची होती.

हे वाचून कोणा तरुणीने लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत, हे आवर्जून सांगते. पाळीच्या वयात आणि गरोदरपणात लोहाची कमतरता हाच अधिक मोठा आणि अधिक निकडीचा प्रश्न आहे, आणि डॉक्टरांनी तपासून दिलेली गोळी घेतलीच पाहिजे. माझा आक्षेप आहे तो पाळी जाऊन वर्षे उलटल्यावरही ‘अशक्तपणा वाटतो’ एवढ्याच कारणाने हिमोग्लोबिन किंवा फेरिटिन न पाहता चालू राहणाऱ्या लोहयुक्त टॉनिकांना.

लोहाचा आणखी एक पदर आहे, आणि तो धोक्याचा नसून निदानाचा आहे. एचबीए१सी ही चाचणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. लोहाच्या कमतरतेने अ‍ॅनिमिया झाला असेल तर रक्तातली साखर प्रत्यक्षात वाढलेली नसतानाही हा आकडा वर सरकलेला दिसू शकतो, आणि कमतरता भरून निघाली की खाली येतो. जिला पाळीत खूप रक्तस्राव होतो अशा स्त्रीचा एचबीए१सी ५.८ किंवा ५.९ आला, तर लगेच ‘मधुमेहपूर्व अवस्था’ म्हणून घाबरून साखर कमी करणारी कुठलीशी गोळी सुरू करण्याआधी तिने हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि उपाशीपोटीची साखर एकत्र पाहण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.