‘कागद नाही म्हणजे पैसे बुडाले’ हे कुणी सांगितलं?

रंगकाम, फरशी, फर्निचरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे लेखी करार नसेल तर शेवटच्या बिलावर हक्क सांगता येत नाही. ग्राहकाने कमी दिले आणि आपण घेतले की विषय संपला. म्हणून पैसे अडकले तर लावलेला माल सरळ काढून आणा.

पहिली गोष्ट साफ चुकीची. तोंडी ठरलेला व्यवहारही करारच असतो. शिवाय करार कायद्याचं (१८७२) कलम ७० सांगतं, की फुकट करायचा इरादा नसताना केलेल्या कामाचा समोरच्याने लाभ घेतला, तर त्याला मोबदला द्यावाच लागतो. भांडण होतं ते काय ठरलं होतं यावर, आणि तेही बहुतेकदा वाढीव कामावरून. ‘ताई, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग वाढलंय, वेगळं बिल लागेल’ आणि खाली ‘हो, करून टाका’ एवढं चॅट असलं तरी मोठा आधार. फोन बदलताना ते उडवू नका. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, सोबत ते चॅट कोणत्या फोनमधून कसं काढलं याचं प्रमाणपत्र लागतं.

दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच माणसं फसतात. त्याच कायद्याच्या कलम ६३ मध्ये उदाहरणच दिलंय: देणं ५,००० चं, २,००० पूर्ण फेड म्हणून दिले, घेणाऱ्याने तसेच स्वीकारले, की सगळं देणं फिटलं. मात्र ‘तसेच स्वीकारले’ हे महत्त्वाचं. ग्राहकाने १,८०,००० पैकी १,४०,००० खात्यात टाकले एवढ्याने तुम्ही बाकी सोडली असं होत नाही. त्याच दिवशी कळवा: ‘१,४०,००० जमा धरले, ४०,००० येणे बाकी.’ व्हाउचरवर ‘फुल अँड फायनल’ लिहून सही मागितली, तर मात्र पेन खिशातच राहू द्या. आणि हो, चार फरशा पोकळ वाजत असतील तर त्या बदलायचा खर्च ग्राहक कापू शकतो. त्या नावाखाली चाळीस हजार नाही.

तिसरी गोष्ट धोक्याची. मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवण्याचा हक्क त्याच कायद्याचं कलम १७० देतं, पण ती तुमच्या ताब्यात असेल तरच. वर्कशॉपमध्ये पॉलिशला आलेला सोफा थांबवता येतो. भिंतीत बसलेली खिडकी आता त्या घराची. ती उचकटायला गेलात तर पोलिसांत तक्रार तुमच्यावर होईल. अमेरिकेत थकलेल्या बिलापोटी घरावरच बोजा चढवता येतो. तिथले व्हिडिओ बघून इथे पान्हा उचलू नये.

उद्यम नोंदणीवरही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सगळी भिस्त नको. अशा नोंदणीवाल्यांना उशिरा मिळालेल्या पैशांवर चढं व्याज देणारा कायदा बांधकामाच्या ठेक्यांना लागू नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत.

रस्ता जुनाच: वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल तर दावा लावायची मुदत काम झाल्यापासून ३ वर्षं. ग्राहक ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत राहिला म्हणून ती थांबत नाही. मुदतीच्या आत त्याने बाकी लिहून, सही करून कबूल केली, तर तिथून नवी ३ वर्षं मिळतात.