चॉसरवरचा फॉरवर्ड आणि सेसिलीचं नाव

पुतणी इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "आत्या, हे खरं असेल तर चॉसरचा ऐच्छिक पेपर घेऊ की नको?" हाच मजकूर त्याआधी दोन ग्रुपांवर येऊन गेला होता. तेव्हा गप्प बसले, आता बसवत नाही.

त्यातले दावे तीन. ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा इंग्रजीत एक ओळही नव्हती. 'इंग्रजी काव्याचा जनक' जेफ्री चॉसर हा बलात्काराचा गुन्हा सिद्ध होऊन तुरुंगात गेलेला माणूस. आणि त्याच्या 'कँटरबरी टेल्स' या पद्यातल्या गोष्टी आपल्या पंचतंत्रातून चोरलेल्या.

ज्ञानेश्वरी 1290 ची, कँटरबरी टेल्स 1387 च्या सुमाराला सुरू झाल्या. हे अंतर खरं आहे. पण चॉसरपासून इंग्रजी सुरू होते हे कुणी सांगितलं? 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजीतल्या महाकाव्याची पोथी इ.स. 1000 च्या आसपासची आहे. लेयामन या कवीचं सोळा हजार ओळींचं इंग्रजी काव्य 'ब्रूट' 1200 च्या आसपासचं. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच चालायची, इंग्रजी मागे पडली, हे खरं. ती बंद पडली नव्हती. ज्ञानेश्वरी थोर आहे हे सांगायला दुसऱ्यांच्या पोथ्या पुसाव्या लागत नाहीत.

आता दुसरा दावा, ज्याने मला खरा संताप आला. मे 1380 मध्ये सेसिली शॉम्पेन नावाच्या बाईने लंडनमध्ये एक दस्त नोंदवला: चॉसरविरुद्धचे सगळे दावे मी सोडते. त्यात 'राप्तुस' हा लॅटिन शब्द आहे. तेव्हाच्या कायद्यात पळवून नेण्यालाही हाच शब्द आणि बलात्कारालाही हाच. 1873 मध्ये हा दस्त उजेडात आला तेव्हापासून अभ्यासक त्यावर वाद घालत आले, आणि घालायलाच हवा होता. कवी मोठा म्हणून असला कागद झाकून ठेवायचा नसतो. पण 'गुन्हा सिद्ध'? त्याला या गुन्ह्याची शिक्षा झाल्याची किंवा त्यासाठी तो तुरुंगात गेल्याची एकही नोंद नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये यूअन रॉजर आणि सेबास्टियन सोबेकी या अभ्यासकांनी 'द चॉसर रिव्ह्यू' या नियतकालिकात त्या प्रकरणाची आणखी कागदपत्रं छापली. त्यांत फिर्यादी सेसिली नाहीच. फिर्यादी आहे थॉमस स्टॉन्डन, आणि चॉसर व सेसिली दोघेही प्रतिवादी, एकाच बाजूला. तक्रार 1379 ची: सेसिली माझी नोकरी मुदतीआधी सोडून चॉसरकडे कामाला गेली. प्लेगने माणसं इतकी मेली होती की मजूर मिळेनात, म्हणून 1351 मध्ये मजुरी बांधून टाकणारा आणि मालक बदलण्यावर बंधन घालणारा कायदा झाला होता. खटला त्या कायद्याखालचा. म्हणून 'राप्तुस' इथे नोकरी सोडवून नेण्याबद्दल असावं, असं या दोघांचं वाचन आहे.

चॉसर आयुष्यभर स्वच्छ वागला, हे यावरून ठरत नाही. त्याच्या गोष्टींतल्या बायकांवरच्या जबरदस्तीचा प्रश्नही यामुळे मिटत नाही, असं काही स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. पण फॉरवर्डमध्ये सेसिलीचं नावसुद्धा नाही. जुनी नोकरी सोडली म्हणून जिला कोर्टात ओढलं, त्या बाईचा कळवळा आलेला माणूस निदान तिचं नाव तरी लिहितो.

चोरीचं थोडक्यात. कँटरबरी टेल्समधल्या गोष्टी त्या सांगणाऱ्या यात्रेकरूंच्या नावाने ओळखल्या जातात. त्यातल्या 'पार्डनर'च्या गोष्टीत सोन्यापायी मित्र एकमेकांना मारतात. तसा प्रसंग वेदब्भ जातक या बौद्ध कथेत आहे, एवढं अर्धं खरं. पण जातक म्हणजे पंचतंत्र नव्हे. बाकी 'नाइट'ची गोष्ट इटालियन लेखक बोकाचिओवरून, 'क्लार्क'ची त्याच्याच काळातल्या पेट्रार्कच्या लॅटिनवरून, आणि गोष्टीवरून गोष्ट रचणं तेव्हा चोरी मानत नसत.

पुतणीला कळवलंय: पेपर घे, आणि बायकांवरच्या जबरदस्तीची 'रीव्ह'ची गोष्ट वाचणं अवघड वाटलं तरी टाळू नकोस.