काटकसर? आधी पिशवीवरचं वजन वाचा!

मंदी आली की सगळ्या शहाण्यांचा एकच जप: काटकसर करा. अहो, कशात? ओव्हरटाइम बंद, बोनस अर्धा, म्हणून दुकानात सगळ्यांत स्वस्त तेलाची पिशवी उचलायची. रंग तोच, उंची तीच. आत मात्र 750 ग्रॅम! लिटरभर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम, हे ठळक अक्षरात कोण छापणार? महिना चार लिटर लागणाऱ्या घरात अशा चार पिशव्या आणल्या की 640 ग्रॅमची खोट. पंचवीस तारखेला बरणी खडखडीत, आणि बोलणी कुणाला? फोडणी टाकणारीला! मग पाचवी पिशवी, तीही उधारीवर.

समजा 910 ग्रॅमची 146 रुपयांना, 750ची 128ला. अठरा रुपये वाचले? कुठले! 100 ग्रॅमला पहिली 16 रुपये, दुसरी 17. हा हिशेब करायला मोबाइल काढला की मागची रांग खाकरायला लागते.

साबणाची वडी, पाच रुपयांचा बिस्किटपुडा, तीच रड. भाव वाढवला तर बोंब होते ना, म्हणून वजन भादरायचं. आणि टीव्हीवर सल्ला: तेल कमी खा. अहो, दिलंयच कमी!