‘पोहता येतं, मग लाइफ जॅकेट कशाला?’ या मेसेजला उत्तर

सुट्ट्या लागल्या की हा मेसेज फिरू लागतो. म्हणणं असं: लाँचने जाताना पोहता येणाऱ्याला जॅकेट नको, किनारा समोर दिसतच असतो, जॅकेट बाकाखाली असतं ते वेळ आली की घालता येतं, आणि घालून बसलात तर केबिनमध्ये अडकाल. यातला शेवटचा मुद्दा तेवढा थोडाफार खरा आहे. बाकीचे जीवघेणे आहेत.

‘वेळ आली की घालू’ याला सगळ्यात जास्त माणसं भुलतात. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर शंभराहून जास्त माणसं होती. इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून थेट लाँचवर आदळली. ती येतानाचा व्हिडिओ एका प्रवाशाने काढलेला आहे, तो एकदा बघाच. बोट रोखाने येतेय हे कळेपर्यंत धडक बसते. तेवढ्यात जॅकेट शोधायचं, मुलाला घालायचं, मग स्वतःचे पट्टे आवळायचे? १५ जीव गेले. पाण्यात पडल्यावर घालू म्हणाल तर ते त्याहून कठीण, कारण जॅकेट वर तरंगत असतं आणि आपण खाली जात असतो.

‘किनारा दिसतो.’ मार्च २०२० मध्ये मांडव्याजवळ लाँच बुडू लागली तेव्हा जेट्टीही दिसत होती. प्रवासी वाचले ते सागरी पोलिसांची गस्ती बोट वेळेवर पोहोचली म्हणून. ओहोटीचं पाणी खाडीच्या तोंडाशी ज्या जोराने बाहेर ओढतं, त्याच्यापुढे चांगला पोहणाराही जागच्या जागी हात मारत राहतो.

पोहण्याचं म्हणाल, तर डोक्याला मार लागून शुद्ध गेलेल्याला पोहता येत नाही. जीन्स अंगात असताना, तोंडावर लाटा येत असताना, कुणीतरी घाबरून गळ्याला मिठी मारलेली असतानाही नाही.

राहिली केबिन. बोट उलटून आत पाणी भरलं तर फोमचं जॅकेट माणसाला छताला दाबून धरतं, हे खरं. म्हणून जॅकेट काढून ठेवायचं नाही, उघड्यावर किंवा दाराजवळ बसायचं. बोट उलटून तरंगत असेल तर तिला धरून राहा, किनाऱ्याकडे पोहत सुटू नका.

लाँच धक्क्यावर असतानाच जॅकेट घाला, मुलांना त्यांच्या मापाचं मागा. नसेल तर त्या लाँचमध्ये चढू नका, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ आधीच घालून ठेवा.